दोनशे चौदा मेंढरं आणि नऊ होल

ज्येष्ठातला पहिला बुधवार, सकाळचे सहा. मेंढरं दोनशे चौदा. हजर तिघं : मी, वॉचमन आणि तो.

एवढं माझ्या डायरीत लिहिलेलं आहे. लिहिलेलं नाही ते असं, की "ही कुणाची?" असं मी विचारलं तेव्हा तो खाली बसला, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली, बोटांतून वाऱ्यावर सोडली आणि मग म्हणाला, "आपलीच हायत, साहेब. मोजून घ्या की."

मी मोजलीच होती. दोनदा.

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीला लागून गोल्फचं मैदान होतं, हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. फौजेतून आलेल्या एका मॅनेजरने मुरमाड माळावर नऊ होल पाडले होते. खेळणारे सातजण. मी खेळत नसे. स्टोअर सांभाळत होतो, म्हणून क्लबचं सेक्रेटरीपदही माझ्याच गळ्यात पडलं होतं. मैदानाची निगा तो राखायचा. कागदोपत्री माळी, जन्माने मेंढपाळ. घाटनांदूरकडच्या माळावर त्याची बायको मेंढरं राखायची आणि हा आमच्याकडे नऊ वर्षं जमीन दाबायचा रूळ ओढत होता. सगळे त्याला मामा म्हणत. मी म्हणत नसे. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याशी नातं जोडू नये, असं माझं मत होतं.

आमच्याकडे हिरवळ परवडत नाही. होलभोवती गवताऐवजी वाळूचा गोल असतो. वाळूत गाड्यांचं जळकं ऑइल मिसळून ती दाबायची, म्हणजे वाऱ्याने उडत नाही आणि चेंडू सरळ जातो. त्याला 'ब्राऊन' म्हणतात. ब्राऊन बसवणं त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. पण ऑइल माझ्या स्टोअरमधून जायचं आणि संशयाची सुरुवात तिथूनच झाली.

त्याआधी दोन वर्षं पाऊस नव्हता. ऊस नाही म्हणून कारखान्याची दोन गळितं बुडाली आणि मैदानावर चारा छावणी उभी राहिली. छावणी उठल्यावर शेण लोकांनी ट्रॉल्या भरून नेलं. मागे उरलं ते मळणीच्या खळ्यासारखं चोपून टणक झालेलं रान आणि खुंट्यांची भोकं. नऊ होलच्या मैदानाला चारशे शहाऐंशी भोकं. हा आकडा माझा. त्याचा आकडाही तोच निघाला. तो लोकरीच्या सुतळीला गाठी मारून मोजायचा, विसाला एक गाठ. चोवीस गाठी आणि वर सहा. आकडा जुळला तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, याने माझी डायरी पाहिली असणार. त्याला वाचता येत नाही हे नंतर आठवलं.

संचालक मंडळाने ठरवलं, की येत्या दसऱ्याला मैदान पुन्हा उघडायचं. कारखाना पुन्हा उभा राहिलाय हे दिसायला हवं होतं. तो कामाला लागला. तळ्यातला सुकलेला गाळ पाटीने आणून एकेक भोक बुजवू लागला. ऑइल मात्र दुप्पट मागू लागला.

मी विचारलं, "दर ब्राऊनला एक डबा लागायचा. आता दोन कसे?"

"वाळू दोन वर्सं तहानली, साहेब. पयल्यांदा लई पेनार."

मी रजिस्टरमध्ये शेरा मारला, 'वाळू पिते, असे संबंधिताचे म्हणणे.' आणि आठवडाभर काठी बुडवून डब्याची खोली मोजत राहिलो.

मग ती मेंढरं आली. पाचव्या होलच्या वाटेवर वाघर लावलेली, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि आत दोनशे चौदा जीव दाटीने बसलेले.

"कुणाच्या परवानगीनं?"

"जमिनीला इचारलं की."

"जमीन कारखान्याची आहे."

"व्हय. तिलाच इचारलं." तो हसला नाही. वॉचमन मात्र तोंड फिरवून हसला. "बारीक खुरानं रान भुसभुशीत व्हतंय, साहेब. लेंडी पडती, मूत मुरतंय. पावसाच्या आदी बसवली तर गवत धरंल. न्हाई तर दसऱ्याला पाव्हण्याला ढेकळंच दावा."

मी अंबाजोगाईला कॉमर्स शिकलो, वडील शाळामास्तर, आमच्या घरात गुंठाभर जमीन नाही. शेतात मेंढरं बसवतात हे मी ऐकून होतो. पण माझ्या लेखी हे शेत नव्हतं, क्लबचं मैदान होतं. क्लबच्या मैदानावर खासगी जनावरं म्हणजे गैरवापर. बाहेर दुष्काळात जागेला आणि पाण्याला महाग झालेला माणूस आमच्या जागेत फुकट कळप पोसतोय, हा माझा हिशेब. रोज सकाळी जाऊन मी नोंद करू लागलो. वाघर रोज एक चौकोन पुढे सरकायची. बारा नोंदी झाल्या आणि मी मंडळाला अहवाल दिला.

उत्तर आलं : मैदान उघडेपर्यंत ठेवावे, नंतर कामावरून कमी करावे. लगेच का नाही? ब्राऊन बसवणारा दुसरा कुणी नव्हता म्हणून.

नोटीस मीच वाचून दाखवली. तो खाली बसला. चिमूट उचलली, सोडली.

"दसरा कवा हाय?"

"अजून चार महिने."

"मंग लई दिस हायत," तो म्हणाला आणि रुळाकडे गेला.

मला वाटलं, आता हा अंग काढणार. काढून टाकलेल्या माणसाकडून काम होत नाही, हा माझा स्टोअरमधला अनुभव. म्हणून मी पहारा वाढवला. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या मागे उभं राहिलं तरी त्यांची पाठ तसूभर बदलत नाही. तो दगड वेचायचा, दोरी धरून वाळूचा गोल आखायचा. मी दिसलो की तेवढंच, "मोजून घ्या की, साहेब." त्यात टोमणा आहे का, हे मी चार महिने शोधलं. सापडला नाही.

पाऊस बरा झाला. श्रावणात गवत आलं.

दसऱ्याला मंडप, सनई, पाहुणे. अंबाजोगाईचे दोन डॉक्टर टोप्या घालून आले. चेअरमनसाहेबांचा पहिला चेंडू शेजारच्या तुरीत गेला आणि तिथेच राहिला. ब्राऊन मात्र असे बसले होते, की डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून हात फिरवून पाहिला.

आमचे सगळ्यात जुने संचालक आप्पा नेकनूरकडचे शेतकरी. खेळाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते काठी टेकत पाचव्या होलकडे गेले आणि थांबले. तिथे फिक्या हिरव्या गवतात गडद हिरवे चौकोन ओळीने उठले होते.

"इथं मेंढरं कुनी बसवलती?"

मी पुढे झालो. "आपल्याच माळ्याची होती. मी अहवाल दिला होता. तुम्ही त्या मीटिंगला नव्हता, आप्पा."

"काय दिलं त्याला?"

"नोटीस दिली."

आप्पा माझ्याकडे वळले. "कामून रे?"

मी कारण सांगितलं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "अरे, मेंढरं बसवली तर धनी रातीला शेकड्यामागं पायलीभर ज्वारी देतो! नांगरायच्या आदी धनगराच्या पाया पडतो मानूस! त्यानं आपनहून बसवली, अन् तुमी त्याची भाकर काढली?"

"त्याने मागितलं नाही," मी म्हणालो.

"धनगर मागत नसतो. देनाऱ्याला कळाया लागतं."

मी मंडपाकडे पळालो. तो नव्हता. रूळ धुऊन शेडमध्ये ठेवला होता, किल्ली वॉचमनकडे. नोटिशीत 'मैदान उघडेपर्यंत' असं होतं. मैदान उघडलं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये नोटीस मागे घेतली आणि दोन शेकडे मेंढरं, बारा रात्री, चोवीस पायल्या ज्वारी मंजूर झाली. कोणत्या खात्यावर टाकायची यावर अर्धा तास गेला. शेवटी 'खत खरेदी'.

दिवाळीआधी मी जीप घेऊन घाटनांदूरच्या माळावर गेलो. कळप तिथे होता, तो नव्हता. त्याची बायको बिऱ्हाड बांधत होती.

"ते फुडं गेलेत, वावरं बघाया. गंगंकडं जायचंय औंदा." गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी.

"नोटीस मागे घेतलीय म्हणावं. परत यायला सांगा."

"सांगन की," ती म्हणाली. येईल असं म्हणाली नाही.

मी पोती उतरवली. "चोवीस पायल्या आहेत. मोजून घ्या."

ती आत गेली आणि लोकरीची सुतळी घेऊन आली. गाठी बोटांनी चाचपल्या. "आकरा राती हायत, दादा. बारा न्हाईत. पाचव्या रातीला वारं लई सुटलतं, वाघर टिकंना. मेंढरं कारखान्याच्या गाडीतळावर नेलती."

"माझ्याकडे बारा नोंदी आहेत."

"मंग तुमी आलता का त्या दिशी?"

मी तिथेच डायरी उघडली. पाचव्या दिवशी मी बीडला गेलो होतो. परत आल्यावर त्या तारखेसमोर 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. चार महिने त्या माणसाच्या मागे काठी घेऊन फिरलो, आणि सगळ्या कागदांत एकच खोटी नोंद होती, ती ही.

तिने दोन पायल्या मापून वेगळ्या काढल्या, माझ्या पिशवीत ओतल्या आणि वर चिमूटभर सांडलेली वेचून टाकली.

तो परत आला नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. त्या दिवशी माळावरून परतल्यावर मी पाचव्या होलवर जाऊन गडद चौकोन मोजले. ती मोजणी मी तोवर कधी केली नव्हती.

अकरा.

अदा : ज्वारी, बावीस पायल्या, मामाच्या घरी, मामींच्या हाती. परत : दोन पायल्या.