दहापैकी नऊ

गुरुवारी सकाळी आठ वाजता, इंदूरच्या सुदामा नगरातल्या आपल्या घरी पोह्यांवर शेव घालताना, वसुंधरा बाक्रे यांना कळलं की आपण निवृत्त झालो आहोत. कळवलं त्यांच्या यजमानांनी. श्रीकृष्णराव वीजमंडळातून सुटल्यापासून पेपर जाहिरातींसकट वाचतात. सातव्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "अगं, तू रिटायर झालीस अन् मला पेपरातून समजतंय?"

बाईंना ती चेष्टा वाटली. पण बातमी फोटोसकट होती. कॉलेजच्या पत्रकारिता विभागाच्या प्रमुख वसुंधरा बाक्रे यांनी एकोणीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेनं निवृत्ती घेतली, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागी येणाऱ्या सहा महिन्यांच्या कंटेंट आणि ब्रँडिंगच्या कोर्सचं मनापासून स्वागत केलं. शेवटी अवतरणात बाईंचं वाक्य: "मैंने बोलना कम, पूछना ज़्यादा सिखाया। अब नई पीढ़ी पूछे, मैं सुनूँगी।"

यातलं एक अक्षरही बाई बोलल्या नव्हत्या. उलट गेले दोन महिने त्या नेमकं उलटं बोलत होत्या. संचालकांचे चिरंजीव यशवर्धन परदेशातून शिकून आले आणि कॉलेजात काय काय चालत नाही याची यादी करू लागले, तेव्हा पहिलं नाव पत्रकारितेचं निघालं. पहिल्या वर्षाला बावीस मुलं होती. विभागालाच हा दोन वर्षांचा कोर्स नको आहे, अशा पत्रावर त्यांना बाईंची सही हवी होती. बाईंनी दिली नाही. शिवाय त्या बावीस मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वर्गात बसवून सांगितलं, "तुमची डिग्री हातात पडेपर्यंत मी इथून हलत नाही." बाईंचा करार दर जूनमध्ये नवा व्हायचा. तो यंदा होणार नाही हे त्यांना कळत होतं. काढून टाकलं तर मुलं ओरडतील, पेपरात येईल, एवढाच त्यांचा आधार होता. आता पेपरात आलं होतं ते असं.

बाईंचं सगळं आयुष्य पेपरातच गेलं. वडील मिलमध्ये टाइमकीपर. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि पोट भरलं ते हिंदीनं. लग्नाआधी त्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर लागल्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका अपघाताच्या बातमीत त्यांनी मेलेल्या ड्रायव्हरच्या बायकोच्या तोंडी एक वाक्य घातलं. वाक्य छान होतं, संपादकांनीही वाखाणलं. तिसऱ्या दिवशी ती बाई कात्रण घेऊन ऑफिसात हजर झाली. "दीदी, मैं तो कुछ बोली ही नहीं थी," ती म्हणाली. "देवर पूछ रहे हैं, आदमी की लाश पड़ी थी और तू अखबारवालों से बात कर रही थी?" बाईंनी माफी मागितली, पण त्या माफीचा त्या बाईला सासरी काय उपयोग? तेव्हापासून बाईंनी स्वतःला नियम घालून घेतला. कुणाच्या तोंडी शब्द घालायचा तर आधी त्या माणसाला वाचून दाखवायचा. तो हो म्हणाला तरच कागद पुढे जाणार.

पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर त्यांनी या नियमाची परीक्षाच केली. दरवर्षीची शेवटची चाचणी ठरलेली असे: तुमच्या बाई आज निवृत्त झाल्या, दोनशे शब्दांची प्रेसनोट लिहा, बाईंच्या एका वाक्यासह. दहा मार्क. मुलं माना खाली घालून सुंदर सुंदर वाक्यं रचत बसत. जो उठून टेबलापाशी येई आणि विचारी, "मॅडम, तुम्ही काय म्हणाल?" त्याचे मार्क पक्के. बाकी सगळ्यांना भोपळा, मग कितीही छान लिहिलेलं असो. आणि भोपळा मिळालेलं पोर पुढच्या बॅचला कधी हे गुपित फोडत नसे, कारण आपण पडलो तर दुसरा का वाचावा. एकोणीस वर्षं हा सापळा तसाच राहिला तो या इंदुरी उदारपणामुळे.

त्या एकोणीस वर्षांत नियम एकदाच वाकला. बाईंना ते सातव्या पानावरचं वाक्य वाचताक्षणीच आठवलं. पोहे तसेच टाकून त्यांनी कपाटातली जुनी फाइल काढली. अकरा वर्षांपूर्वीचा कागद, ऋजुता नावाच्या विद्यार्थिनीचं गोल अक्षर, आणि खाली तेच वाक्य, शब्द न् शब्द. ऋजुता विचारायला आली नव्हती. पण ते वाक्य वाचून बाईंना वाटलं होतं, आपल्याला इतकं कुणी ओळखलं नाही. श्रीकृष्णरावांना त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं होतं. शून्य घालायला हात धजेना. नऊ घातले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर ते वाक्य कौतुकानं वाचलं.

ऋजुता त्यानंतर घरचीच झाली. उज्जैनहून आलेली, खोली करून राहणारी मुलगी, रविवारी जेवायला इथेच. पहिल्या मुलाखतीआधी बाईंनीच तिला खजरान्याला गणपतीपुढे नेलं होतं. चार वर्षांपूर्वी कॉलेजला जनसंपर्क अधिकारी हवा होता, तेव्हा "हिच्यासारखी मिळणार नाही," असं व्यवस्थापनाला बाईंनीच सांगितलं. खरंच मिळाली नव्हती म्हणायची.

फोन साडेआठपासून सुरू झाले. शहरातल्या सात पेपरांच्या डेस्कवर बाईंचे विद्यार्थी बसतात. सगळ्यांनी बातमी लावली होती आणि सगळे अभिनंदन करत होते. "मॅडम, फोटो मी स्वतः सिलेक्ट केला हां, एकदम बढिया आलाय," निशांत म्हणाला. तो आता एका दैनिकाचा डेस्क इनचार्ज आहे.

"निशांत, मला एक फोन केला असतास."

"अरे मॅडम, ऋजुताची नोट होती ना. तिच्या नोटमध्ये काय चेक करायचं?"

"मी हे बोललेले नाही. खंडन छाप."

निशांतनं आवाज खाली आणला. "मॅडम, रविवारी कॉलेजची फुल पेज ॲड आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "थोडं समजून घ्या ना."

बाईंनी फोन ठेवला. यांना आपण शिकवलं तरी काय, असं त्यांना वाटलं, आणि मग सरळ राग आला, रडू येईल इतका. साडेदहापर्यंत एकतीस फोन झाले. एकानंही विचारलं नाही की मॅडम, हे खरं आहे का.

अकराला त्या कॉलेजात ऋजुताच्या केबिनमध्ये उभ्या होत्या. ऋजुता उठली, खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. सवय होती तिला. बाई बसल्या नाहीत.

"विचारलं का नाहीस मला?"

"मॅडम, यशवर्धनजींनी पाच वाजता नोट पाठवायला सांगितली. करार रिन्यू नाही होणार, हे तर वरूनच डिसाइड झालं होतं. ते लिहिणार होते की परफॉर्मन्स बरोबर नव्हता. मीच म्हटलं, नाही सर, मॅडमसाठी मी लिहिते." तिचे डोळे भरून आले होते, आणि बाईंना तेच जास्त लागलं. "तुमचं नाव मी खराब नाही होऊ दिलं. याच्यापेक्षा चांगली एक्झिट कुणाला मिळते?"

"मी विचारलं, फोन का नाही केलास?"

"केला असता तर तुम्ही नाही म्हणाल्या असत्या."

"म्हणजे माहीत होतं तुला."

हळू आवाजात, कुरकुरीच्या सुरात नव्हे, अगदी खरं वाटून ऋजुता म्हणाली, "तेव्हाही नव्हतं विचारलं मी. तुम्हीच नऊ दिले होते मॅडम."

केसानं गळा कापणं म्हणतात ते बाईंनी घरी अनेकदा ऐकलं होतं. ते किती हळू कापलं जातं, हे त्यांना त्या केबिनमध्ये कळलं. ज्या मुलीनं त्यांना विकलं होतं, ती आपण उपकार केले असं समजत होती, आणि तिला तसं समजायला कुणी शिकवलं याचा कागद बाईंच्या पर्समध्ये होता. त्या केबिनमधून बाहेर पडल्या.

पहिल्या वर्षाचा वर्ग भरलेला होता. बाई आत आल्या तेव्हा कुणी उठलं नाही. बावीस चेहरे, आणि एकालाही त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. पुढच्या बाकावर सुरभी होती. देवासच्या एका बँक कारकुनाची मुलगी, बाईंच्या शब्दावर बापानं तिला इथे घातलेली. तिच्यापुढे तो पेपर होता, सातव्या पानावर घडी केलेला. ती एकटीच उभी राहिली, आणि आदरानं नाही.

"मॅडम, हे तुम्ही बोलल्या का?"

सकाळपासून शहरातल्या सात पेपरांतून कुणाला न सुचलेला प्रश्न. बाईंनी टेबलाची कड धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी निवृत्त झालेली नाही. मला काढलंय. या कोर्सला माझा विरोध होता आणि आहे."

वर्गात कुजबुज झाली. सुरभीचा राग एकदम उतरला नाही, पण तिनं वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. "लिहू मी?"

"लिही."

ती लिहू लागली. ती थांबल्यावर बाईंनी पर्समधला कागद काढला आणि टेबलावर पसरला. त्यावर लाल शाईतला नऊ अजून ठसठशीत होता.

"आता हेही लिही," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी एका मुलीनं मला न विचारता माझ्या तोंडी एक वाक्य घातलं. मला ते आवडलं. मी तिला शून्य द्यायला हवं होतं. ते मी दिलं नाही."

हे कुठल्याही पेपरात येणार नाही, हे त्या दोघींनाही कळत होतं. सुरभीनं शेवटपर्यंत लिहून घेतलं. मग ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, "वाचून दाखवते मॅडम. बरोबर आहे का सांगा."