आधीच ठरलेली उपकारस्तुती

फायनल हरण्याच्या सहा दिवस आधी मी ती चर्चमध्ये उभा राहून जिंकली होती.

आमच्या रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. कुणी उठून देवानं दुखण्यातून कसं बाहेर काढलं ते सांगतं, कुणी पोरीचं लग्न जमल्याचं सांगतं. त्या रविवारी मी उठलो. पगारावर कबड्डी खेळणारा तेहतीस वर्षांचा चढाईपटू, गुडघ्याला पट्टा, आणि डोक्यात तसली हवा. म्हणालो, "शनिवारी फायनल आहे. प्रभूनं मला विजय दिलाय. पुढच्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा आहे, सगळ्यांनी यावं." 'देईल' नाही, 'दिलाय'. विश्वास असाच ठोकून बोलायचा असतो, ही माझी अक्कल. आई वळून माझ्याकडे बघतच राहिली. सभेचं तिलाही तिथंच कळलं होतं.

उपकारस्तुती काम झाल्यावर ठेवतात. नोकरी लागली, घर बांधलं, मुतखडा पडला, की मग पाळकसाहेबांना बोलवायचं, गाणी म्हणायची, जेवण घालायचं. खडा पडायच्या आधीच पुलावाला आमंत्रण देणारा अख्ख्या मंडळीत मीच.

शनिवारी शेवटची चढाई माझ्याकडे आली. आम्ही एका गुणानं मागं. मी कोपऱ्यातल्या दोघांना हात लावला आणि वळलो. मध्यरेषा एका ढांगेवर. ती ओलांडली की दोन गुण आणि कप आमचा. आणि मी काय करावं? चालता चालता एक बोट आभाळाकडे केलं. गुण मिळाला की मी नेहमी करतो तसं. फक्त गुण अजून मिळाला नव्हता. मागून कुणीतरी माझा घोटा धरला. मी तोंडावर आपटलो, तेव्हाही बोट वरच होतं म्हणतात. फोटो आहे.

कॅप्टन ड्रेसिंग रूममध्ये एवढंच म्हणाला, "लाइन पार करून धन्यवाद दिला असता, तर देव काय निघून जाणार होता बे?"

 मला राग आला, पण कॅप्टनचा नाही, देवाचा. वीस वर्षं प्रत्येक सामन्याआधी मी गुडघ्यावर आलो. बाकीचे मोबाइलवर गाणी लावून नाचायचे, तेव्हा मी कोपऱ्यात डोळे मिटून. रविवारी उपासना सोडून सरावाला गेलो नाही, म्हणून दोन हंगाम संघातून बाहेर बसलो. आणि ज्यानं माझा घोटा धरला तो टॉसपर्यंत तंबाखूचा खर्रा चघळत होता, पंचांच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. कप त्याला. मला तोंडात माती.

रविवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. पुढच्या हंगामात नवीन पोरं बघतोय, म्हणाला. मी चर्चला गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. स्वयंपाकघरात आई मटार सोलत होती.

"सभा रद्द कर," मी म्हणालो.

"काहून?"

"कशाचे उपकार मानू?"

"मले काहून विचारतं? त्याले विचार. त्याच्या नावानं सगळ्यायले बोलावून बसला तू. आता मी घरोघरी जाऊन सांगू, का माह्या पोराचा देव हरला म्हणून?"

मी ठरवलं, ठीक आहे. सभा होऊ दे. सगळ्यांसमोर उठून सांगतो की आजपासून माझं आणि देवाचं बोलणं बंद. जसं जाहीर विजय घेतला, तसं जाहीर तोडायचं.

संध्याकाळी चाळीसेक माणसं आली. चर्चमधले एक काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाची काही योजना असंल गा."

"म्हणजे त्या पोट्ट्याले माह्या घोट्याचा पत्ता देवानं देल्ला काय काका?"

काका पाण्याच्या पिंपाकडे सरकले.

गाणी झाली. पाळकसाहेब म्हणाले, "सभा तुमची आहे, प्रार्थना तुम्हीच करा." हे बरंच झालं. मी उठलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "देवा, आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही. कारण..."

आणि ते 'कारण' काही संपेना. घोटा, खर्रा, गुडघा, संघातून बाहेर बसलेले ते दोन हंगाम. वडील गेले तेव्हा दवाखान्यात केलेली प्रार्थना, जिच्याबद्दल मी कधी एक शब्द काढला नव्हता, तीसुद्धा निघाली. आवाज चढला. 'तू होता कुठं?' असं मी ओरडून विचारलं.  पंधरा मिनिटं तरी झाली असतील.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!" चाळीस तोंडांनी सुटका झाल्यासारखं "आमेन" म्हटलं.

"माहं झालं नाही अजून," मी डोळे न उघडताच म्हणालो.

"मंग बाकीचं उद्या सांग त्याले. लोकं उपाशी हायेत."

 दुसऱ्या दिवशी साडेपाचला, सरावाला जायचं नसूनही, जाग आली. पलंगाच्या कडेला बसलो. राग कणभरही उतरला नव्हता. कालच्या प्रार्थनेत मॅनेजरच्या फोनपर्यंत पोचलोच नव्हतो. मी डोळे मिटले आणि तिथून सुरू केलं.