तोकुझोचा झेंडा घरी येतो

तोकुझो टोफूवाल्याला गावातल्या माणसांची किळस होती, आणि रोज उठून त्यांच्याचसाठी टोफू करण्यात त्याचा जन्म गेला.

त्रेचाळीस साली तो लढाईवर निघाला, तेव्हा अख्ख्या आळीनं शुभेच्छा म्हणून रेशमी जपानी झेंड्यावर सह्या केल्या होत्या. मधल्या लाल सूर्याभोवती नावांची नुसती दाटी. सगळ्यांत ठसठशीत अक्षर गावप्रमुख गेनपाचीचं.

फिलिपाइन्सच्या लेयते बेटावर तो बेशुद्ध पडला आणि अमेरिकनांच्या कैदेत गेला. झेंडा कुणा अमेरिकन शिपायानं आठवण म्हणून खिशात घातला. इकडे गावानं रिकाम्या पेटीवर त्याचे अंत्यसंस्कारही उरकले. युद्ध संपल्यावर हा जिवंत परतला, तर गावाची केवढी पंचाईत! शत्रूच्या हाती जिवंत लागलेला माणूस म्हणजे सगळ्यांच्या तोंडाला काळं. सह्या करणाऱ्यांनीच दारं लावून घेतली.

तीस वर्षांनी त्या शिपायाच्या विधवेनं झेंडा परत पाठवला. समारंभ ठरला. मेलेल्या सैनिकाची वस्तू आली की जी रीत, तीच इथंही: झेंड्यापुढे फुलं, उदबत्त्या, भिक्षूचा मंत्रपाठ. जिवंत माणसासाठी वेगळी रीत कुणाला ठाऊक होती? तोकुझोला मयताच्या नातेवाइकांच्या खुर्चीत बसवलं. तो स्वतःच्याच श्राद्धाला बसला.

मग लोक वाकून वाकून आपापल्या बापाचं नाव शोधू लागले. कुणी फोटो काढले. म्हातारा गेनपाची डोळे पुसत म्हणाला, "तोकुझो, तू गावाचं भूषण आहेस बाबा. झेंडा देवळाला दे. पोराबाळांनी बघावा."

"काका, मी परत आलो तेव्हा तुमच्या दारात किती वेळ उभा होतो. तुम्ही आत खोकत होतात."

काळच तसा होता, असं काहीतरी गेनपाची पुटपुटला.

"कडी काळानं नव्हती लावली," तोकुझो म्हणाला. झेंडा उचलून त्यानं काखोटीला मारला आणि तडक घरी आला.

सोयाबीन उकळायच्या चुलीपुढे बसून त्यानं एकेक नाव वाचलं. त्याला एकच हवं होतं, आईचं. ते कुठेच नव्हतं. सह्या चालल्या होत्या तेव्हा ती आत सगळ्यांसाठी चहा करत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं झेंडा चुलीत सारला. रेशीम जळताना केस जळल्यासारखी घाण सुटली.

"कसला हो हा वास?" बायकोनं आतून विचारलं.

"गावाचा," तो म्हणाला, आणि त्यानं खिडकी उघडली.