दाणे खाली येऊ द्या

मामंजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात हरभरा पाखडत होते. ड्रमचं पान, म्हणजे वरचं कातडं, फाटलं म्हणून ते सकाळीच वारंगा फाट्याला नवं बसवायला गेले होते. दुकानातल्या बाकावर चहा घेत बसले आणि बसल्या जागीच... दुकानदार म्हणाला, पान ताणून झालं होतं आणि कपातला चहाही संपला होता. संध्याकाळी आधी ते घरी आले, मागून दुसऱ्या गाडीतून ड्रम आला.

त्याला आता सव्वा महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. कोमलच्या एका जुन्या वहीत जागा शिल्लक होती, तिच्यात हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून जमतंय.

मामंजी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवला. हात थांबला की वरात थांबते आणि मांडव जवळ आला की ठेका वाढवायचा, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की झोपेतही बाजेवर बोटं चालायची. वीस वर्षांत माझं त्यांच्याशी बोलणं म्हणजे ‘व्हय’, ‘न्हाई’ आणि ‘वाढलंय’. पदर सावरून दाराआडूनच. ते रागीट होते असं मुळीच नाही, माझाच आवाज निघायचा नाही.

माझी लेक कोमल हिंगोलीला कॉलेजात जाते. तिनं आमच्या गावच्या बसबद्दल काहीतरी लिहिलं होतं... गाणं नव्हे, भरभर बोलायचं, ठेक्यावर. गॅदरिंगमध्ये ते म्हणायचं होतं आणि ठेका हिप-हॉपचा हवा होता. मामंजी म्हणाले, “त्यात काय, मी वाजवतो की!” तिनं मोबाइलवर ऐकवलं. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर धम, मग हातानं टाक. पुन्हा दोन धम जवळजवळ आणि टाक जरासा उशिरानं, जणू आळस देऊन. ऐकायला सोपं वाटलं. पण मामंजींच्या हाताला मधली रिकामी जागा सहनच होईना. ती भरून काढायचे आणि दोन मिनिटांत ठेका धावत सुटायचा.

“आबा, तुमी वरात काढून राहिले का? माझा दम तुटून राहिला!”

“मधात रिकामं ठेवलं तर लोक म्हणतील, बँडवाला झोपला.”

“मग झोपा की थोडंसं!”

असं आठ दिवस चाललं. शेवटी कोमल हळूच म्हणाली, “आबा, मी मोबाइलवरचाच ठोका लावते. तुमाला काहून तकलीफ?” मामंजी हसले, पण काड्या खाली ठेवल्या. त्या दुपारी ते जेवले नाहीत. नातीच्या गाण्याला आजाऐवजी मोबाइल... मला दाराआड उभं राहवेना.

मी सूप हातात घेऊनच बाहेर आले. “मामंजी... दाणे खाली येऊ द्या.”

“काय म्हणली?”

वीस वर्षांत मी पहिल्यांदाच सलग बोलले. सूप झटकलं की दाणे वर जातात, ते परत टेकेपर्यंत हात थांबवावा लागतो, नाहीतर सगळं खाली सांडतं. तुम्ही थांबत नाही, म्हणून कोमलचे शब्द सांडतात. बोलताना माझे कान तापले होते. मामंजींनी माझ्या हातातून सूप घेतलं, जोरात झटकलं आणि अर्धा हरभरा अंगणभर! कोंबड्या धावत आल्या. “आरं देवा, कोंबड्यांचीच वरात निघाली!” म्हणत ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग सूप मला दिलं, ड्रमसमोर बसले. मी पाखडायचे, ते माझ्या सुपाकडे बघून वाजवायचे. दाणे टेकले की टाक. चौथ्या दिवशी कोमल धाप न लागता शेवटपर्यंत पोचली आणि मामंजी ओरडले, “बराबर!”

गॅदरिंगला मी तिसऱ्या रांगेत होते. सुरुवात छान झाली. पण पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मामंजींना मांडव दिसायला लागला. हात धावू लागले. कोमलचा एक शब्द अडकला, मग दुसरा. तिनं घाबरून आबांकडे पाहिलं... मी केव्हा उठले, मलाच कळलं नाही. एवढ्या लोकांत उभी राहून मी रिकाम्या हातांनी हवा पाखडत होते. शेजारची रुख्मा पदर ओढत होती, “येडी झाली का गं? बस खाली!” मामंजींनी पाहिलं. पानानं रंगलेले दात दिसले, काडी वरच थांबली... आणि मग टाक पडला. कोमलनं श्वास घेतला. त्यानंतर एकही शब्द सांडला नाही.

बसमधून परत येताना ते सगळ्यांना सांगत होते, “माझी वस्ताद तिथं खिडकीपाशी बसली हाये.” मी तोंडावर पदर घेतला, पण आतून हसत होते.

ड्रम अजून त्यांच्या बाजेपाशीच आहे. नव्या पानावर कुणाचा हात पडला नव्हता. दोन वेळा बँडवाले मागायला आले, कोमलनं दिला नाही. काल तिनं काड्या माझ्या हातात ठेवल्या. “आई, आता तू.”

“मला न्हाई जमत गं.”

“आबांना कोणी शिकवलं मग?”

दार लावून घेतलं, मग बसले. पायानं धम वाजवला. काडी उचलली आणि थांबले. वर गेलेले दाणे मला दिसत होते, समोर मामंजीही दिसत होते, सुपाकडे डोळे लावून बसलेले. दाणे टेकले. टाक.

“बराबर!” कोमल आबांच्या आवाजात ओरडली आणि माझ्या ठेक्यावर तिच्या शब्दांतली बस सुरू झाली.