कूलर बंद करा म्हणते तो

देवळीच्या बसस्टँडवरून मी निघाले तेव्हा नागपूरच्या बसचं इंजिन सुरूच होतं. ड्रायव्हर खाली उतरून निवांत चहा पीत होता, पण इंजिन धडधडत ठेवलेलं. कारण एकदा बंद पडलं की प्रवाशांनी उतरून धक्का मारायचा, अशी त्या गाडीची ख्याती होती. माझ्या मांडीवर जवसाच्या चटणीचा डबा, वरच्या फळीवर दोन बॅगा, आणि खिडकीखाली आई नि बाबा. आई डोळे पुसत सूचना देत होती. "पोचली का फोन करजो. उपाशी राहू नको. थंडी वाजली तं लाजू नको, दोन स्वेटर घालजो." बाबा गप्प. ते तसेही गप्पच असायचे. शेवटी मीच खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "बाबा, मनापासून पाठवून राह्यले ना मले?"

बाबांनी तोंड फिरवलं. पार दुसरीकडे, रसवंतीच्या बाजूला. तेवढ्यात ड्रायव्हर चढला, बस हलली, आणि बाबांचा फक्त गाल मला दिसत राहिला. तो फिरवलेला चेहरा घेऊन मी आयर्लंडला आले.

इथे कॉर्क नावाच्या शहरात मी औषधांच्या कारखान्यात काम करते. वर्ध्याला फार्मसी शिकले, इथे पुढचं शिकले, मग नोकरी, मग भाड्याचा फ्लॅट, मग स्वतःचा. शिफ्ट, हीटिंगचं बिल, रीसायकलिंगचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, हे सगळं आता हाताला बसलंय. नवऱ्याला मी "पाऊस येऊन राह्यला" म्हणते आणि तो सोलापूरचा असूनही आता तसंच म्हणतो. फक्त एक गोष्ट कधी बसली नाही. बाबा फोनवर येत नाहीत. फोन लावला की मागून त्यांचा मोठा आवाज येतो, "आईशी बोल तू," आणि चपला फरफटत अंगणात गेल्याचं ऐकू येतं. व्हिडिओ कॉल केला तर हात हलवतात आणि उठतात. मी गावी गेले की नीट वागतात, ताटात भाजी वाढ म्हणून आईला सांगतात, मला स्टँडवर घ्यायला येतात. पण बसच्या खिडकीतला तो प्रश्न पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. बाबा रागावलेले आहेत.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांच्या घरी असं एखादं माणूस असेलच. आणि जे तिथेच राहिले, त्यांना विचारायचंय, तुम्ही फोनवर का हो येत नाही?

तर यंदाच्या उन्हाळ्यात शशीदादा गेल्याची बातमी आली. आमच्या वयाच्या माणसांना सांगायला नको, पण धाकट्यांसाठी सांगते. दर रविवारी दुपारी टीव्हीवर त्याचा गाण्यांचा कार्यक्रम असायचा. बुशशर्ट घातलेला, जरा टक्कल पडलेला माणूस. स्वतः कधी एक ओळ गायला नाही. गाणं लावायच्या आधी मात्र ते गाणं तो असं समजावून सांगायचा, की जणू पाहुणा येणार आहे आणि आपल्याला त्याची ओळख करून देतोय. "दुसऱ्या कडव्याच्या आधी बासरी येईल. तिला घाई नाही, तुम्हीही करू नका. मग बाई एक श्वास घेतात, तो ऐका." प्रत्येक शब्द सावकाश, सरळ कॅमेऱ्याकडे बघून. मग एक बोट वर करायचा, मान तिरकी करायचा, आणि मग गाणं.

बातमी वाचल्यावर मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून रडले. शेजारच्या पोलिश बाईने घरातलं कोणी गेलं का म्हणून विचारलं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तरी खोटं. मी आपली मान हलवली.

त्याच्या चाहत्यांचा एक ग्रुप निघाला होता, त्यात मी घुसले. चौकशा करायची खोड मला लहानपणापासून आहे. आई म्हणते, या पोट्टीच्या अंगात दम नाई आणि चौकशा गावभरच्या. तिथे तर चौकशांची जत्राच होती. तो स्वतः का गात नव्हता? कोणी म्हणे लहानपणी आवाज फुटला तो सावरलाच नाही, कोणी म्हणे गुरूला शब्द दिला होता. तो बोट का वर करायचा? पलीकडच्या गाणं लावणाऱ्या माणसाला खूण म्हणून, की आपल्याला? मलाही काहीतरी द्यायचं होतं म्हणून मी लिहिलं, "आणि आठवतं का, बोट वर करून तो दर वेळी म्हणायचा, कूलर बंद करा?"

माझ्या मनात तर ते लख्ख होतं. आमचा कूलर म्हणजे पत्र्याचं धूड, खिडकीत बसवलेलं, वाळ्याच्या ताट्या लावलेलं. सुरू केला की घरात गिरणी चालल्यासारखा आवाज. मे महिन्यातली वर्धा जिल्ह्यातली दुपार ज्यांनी काढली नाही, त्यांना कूलर बंद करणं म्हणजे काय ते कळणार नाही. पंख्याची हवासुद्धा चटका देते. पण शशीदादाने बोट वर केलं की आमच्या घरी कूलर बंद व्हायचा. गाणं संपेपर्यंत आम्ही घामाने निथळत, हूं की चूं न करता बसायचो. हिवाळ्यात कूलर नसायचा, तेव्हा तो म्हणायचा दार लोटा, नाहीतर मिक्सर थांबवा. मी एकदा बाबांना विचारलंही होतं, "बाबा, तो आपल्या घरात पाहते का?" बाबा म्हणाले, "पाहते ना." कितीतरी दिवस मी रविवारी फ्रॉक बदलून टीव्हीपुढे बसायचे.

ग्रुपवर हशा पिकला. रत्नागिरीच्या एक बाई म्हणाल्या, कूलर म्हणजे पाण्याचा का? कोल्हापूरकर म्हणाले, असं काही तो म्हणत नव्हता, ताई. अकोल्याचे एक गृहस्थ मात्र माझ्या बाजूने उभे राहिले आणि शपथेवर सांगू लागले, की हो हो, म्हणायचा, आम्हीही बंद करायचो. दोन दिवस कडाक्याचा वाद चालला. शेवटी कोणीतरी जुने भाग शोधून ग्रुपवर टाकले.

मी शनिवारची सकाळ त्यात घालवली. शशीदादा बोलतो, बासरीचं सांगतो, श्वासाचं सांगतो. बोट वर करतो. मान तिरकी करतो. आणि गप्प राहतो. पुढचा भाग, तेच. त्याच्या पुढचा, तेच. कूलर नाही, दार नाही, मिक्सर नाही. नुसती शांतता, आणि मग गाणं. अकोल्याच्या गृहस्थांनी ग्रुपवर पुन्हा तोंड उघडलं नाही.

माझी सकाळ म्हणजे देवळीची दुपार. मी लगेच आईला फोन लावला. मागे कूलर घरघरत होता, नवा प्लास्टिकचा, पण आवाज जुन्याच वाणाचा.

"आई, शशीदादा तं कूलरचं काहीच म्हणत नाही. मी सगळे भाग पाह्यले."

"तो कायले म्हणन? मुंबईच्या माणसाले आपला कूलर काय मालूम? तुह्ये बाबा म्हणत."

"बाबा? बाबा तं म्हणायचे, 'कूलर बंद करा म्हणते तो.'"

"मंग काय म्हणतीन? मले ऐकू येत नाई, असं म्हणतीन?"

आई एकदम थांबली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं असावं.  मग ती म्हणाली, "आता तोंडातून निघालंच तं ऐक. पण तुह्या मनातच ठेवजो."

बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या हंगामात दिवसभर त्या मशिनींच्या पोटात. एक कान माझ्या जन्माच्या आधीच गेला होता आणि दुसरा अर्धाच राहिला होता. मालकाला कळलं तर मशिनीवरून काढतील, या भीतीने त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि आईला तशी शपथच घातली. नोकरी संपली तरी शपथ तशीच राहिली. "सवय झाली वं रंजू लपवाची," आई म्हणाली.

मी चौकशीखोर, गावभरच्या खबरा ठेवणारी, आणि माझ्या घरात माझ्या बापाला ऐकू येत नव्हतं हे मला कळलं नाही. पण कसं कळणार? जिनिंगमधली सगळीच माणसं ओरडून बोलायची. कूलरमुळे सगळ्यांचेच टीव्ही मोठ्याने लागायचे. बाबांना कमी बोलायला आवडतं, असं आम्ही सगळे समजत होतो, आणि त्यांनी आम्हाला तसं समजू दिलं.

"मंग गाणे कसे ऐकत ते?" मी विचारलं.

"तो अगोदर सांगे ना सारं. बासरी येते, मंग श्वास येते. एकदा मालूम झालं का त्याईले सापडे. नुसतं गाणं लागलं तं त्याईले कल्लाच वाटे." मग आई म्हणाली, "शशी गेला तवा जेवले नाई ते."

फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यापुढे आधी आला तो स्टँड. धडधडणारं इंजिन, खाली बाबा, खिडकीत मी. त्यांना माझा प्रश्न ऐकूच आला नसेल. पण मग तोंड का फिरवलं? ज्याला ऐकू आलं नाही तो माणूस बघत राहतो, तोंड फिरवत नाही. ते काही मला सुटेना. दिवसभर घरकामात तेच डोक्यात घोळत राहिलं, आणि रागाची आयती समजूत मोडल्यामुळे मला मोकळं वाटण्याऐवजी भीतीच वाटत होती. आता खरंच विचारावं लागणार होतं.

ग्रुपने ठरवलं, रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी शशीदादाचा एक जुना भाग बघायचा. मी आईला म्हटलं, त्या वेळी व्हिडिओ कॉल लावते, बाबांना बसव, शशीदादासाठी म्हणून सांग. बाबा बसले. टीव्हीच्या शेजारी फोन टेकवलेला, म्हणजे मला ते समोरून दिसत होते. म्हातारे झालेत. शशीदादाने बोट वर केलं आणि बाबा म्हणाले, "कूलर बंद कर म्हणते तो." आईने उठून बंद केला. गाणं झालं. बाबांनी पंच्याने कपाळ पुसलं आणि सवयीने उठायला लागले.

मी शशीदादासारखं केलं. फोन तोंडासमोर धरला, बाबांकडे सरळ पाहिलं आणि सावकाश म्हटलं, "बाबा, बसा. मी आता एक प्रश्न विचारणार आहे. बसस्टँडवर विचारला होता, तोच आहे. तुमच्याबद्दल आहे आणि माझ्या जाण्याबद्दल आहे. आता विचारते."

बाबा बसले. आणि मी तोंड उघडलं तसं त्यांनी तोंड फिरवलं. पार दुसरीकडे, दाराच्या बाजूला. पुन्हा मला फक्त गाल दिसला. मी फोन खाली घेऊ लागले.

"विचार ना," आई मागून म्हणाली. "तोंड नाई फिरवलं त्याईनं. चांगला कान तुह्याकडं केला."

मी बघत राहिले. गालाच्या मागे तो कान होता, माझ्याकडे वळलेला. इतकी वर्षं मी गाल धरून बसले होते.

"मनापासून पाठवलं होतं ना मले?" मी विचारलं.

 बाबा माझ्याकडे वळले. "नाई," म्हणाले. "मन नोतं. तवा तू हेच विचारून राह्यली होती का? मले वाटलं, येतो म्हणून राह्यली. ऐकू आलं असतं तं बी हेच सांगतलं असतं. मन नोतं, पण मीच तं पाठवलं तुले. मन नसलं तरी पाठवा लागते."

मला रडू आलं आणि बरंही वाटलं. नकार मिळून इतकं बरं वाटेल असं मला माहीत नव्हतं. एरवी घर कुठे आहे असं कोणी विचारलं की मी देवळी म्हणते, आणि मग घाईने कॉर्कही म्हणते, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. आता मला वाटतं, आपलं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून कोणी मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद करत असेल, तर ते घर. ते कुठल्याही देशात असो. माझ्या या फ्लॅटमध्ये मी कोणासाठी काय बंद केलंय, याचा विचार मी अजून करते आहे.

बाबा मात्र थांबले नव्हते. त्यांनी फोन उचलून कानाला लावला. मला स्क्रीनवर त्यांच्या कानाचे केस आणि चष्म्याची काडी दिसू लागली.

"रंजू, तुह्याकडं ते काय घरघर करून राह्यलं?"

स्वयंपाकघरातला धूर ओढायचा पंखा सकाळपासून तसाच सुरू होता. मला तो ऐकूही येत नव्हता, इतकी त्याची सवय झालेली.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. "बंद कर म्हणते तो."

मी उठून पंखा बंद केला, आणि बाबा बोलू लागले.