करुणाताईंचा शनिवार

प्रार्थनेत करुणाताईंचं नाव आलं की मी डोळे उघडायचे. बाकी सगळे मान खाली घालून "आमेन" म्हणत असायचे आणि मी त्यांच्या इस्त्रीच्या साडीकडे, त्या शांत चेहऱ्याकडे पाहत राहायचे. ज्या वर्षी प्रभूने मला हाताला धरून खाली बसवलं, त्या वर्षी माझी भक्ती ही अशी होती.

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही नगरहून चेन्नईला आलो. अड्यारमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये आमची लहानशी मराठी मंडळी उपासनेला जमते. आल्यापासून मी तिथे पडेल ते काम केलं. रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेतली, आजाऱ्यांना डबे पोचवले, मुलांच्या गाण्याचा सराव घेतला, हॉलची किल्लीसुद्धा माझ्याकडेच आली. कोणी गळ्यात घातलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हटलं नाही, आणि मलाही ते गोड वाटत होतं. हळूहळू कंबर धरू लागली, झोप उडाली. गुडघे टेकले तरी प्रार्थनेऐवजी उद्याची कामंच आठवायची. मुलांवर मी खेकसू लागले. मिस्टर म्हणायचे, "जरा बस की." मला ती मोहाची हाक वाटायची.

अशात मिरजेहून करुणाताई आल्या. पेशाने नर्स, घर हॉलच्या समोरच. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, काही काम सांगितलं तर त्या भर मंडळीत खुशाल म्हणायच्या, "साहेब, शनिवारी मी नाही येणार. शनिवारी मी झोपते." मला वाटलं, आता हिला कोण विचारतंय. झालं उलटंच. लोक त्यांच्याभोवती गोळा होऊ लागले. माझ्याहून लहान असून त्या सगळ्यांच्या ताई झाल्या आणि मी काकूच राहिले.

आमच्या मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना मी नेमाने आमटी-भात न्यायचे, चादर बदलायचे. एकदा डबा ठेवून निघाले तर त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी करुणाला पाठवशील का गं?"

"का आजी? माझं काही चुकलं?"

"चुकलं नाही, बाई. ती बसते. तू आलीस की मला वाटतं, माझ्यामुळे तुला उशीर होतोय."

जिना उतरताना मला रडू आलं नाही, राग आला. मी ठरवलं, यंदाचा नाताळचा कार्यक्रम असा बसवायचा की सगळ्यांना कळावं, ही मंडळी कोणाच्या जिवावर उभी आहे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मुलांच्या पोशाखांचं कापड आणायला मी टी. नगरच्या बाजारात गेले. गर्दीत दुकानं पालथी घातली. दुपारी तीनला हॉलमध्ये सराव होता. अड्यारवरून जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि डोळा लागला. कंडक्टरने उठवलं तेव्हा बस चेन्नईबाहेर समुद्रकाठच्या कोवलमला, शेवटच्या थांब्यावर उभी होती. खाली उतरले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. मी रस्त्याकडेलाच बसले.

समोर एक बाई मासळीची टोपली धूत होती. तिने पदराला हात पुसले, माझ्या पिशव्या उचलल्या आणि तमिळमध्ये म्हणाली, "उठ अम्मा, सावलीत चल." वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला तिने पोतं अंथरलं, पाणी पाजलं. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगत होते, मला जायलाच हवं, मुलं वाट पाहतायत, किल्ली माझ्याकडे आहे.

"तिथे कुणीतरी असेल की," ती म्हणाली. "तू पड. मी आहे इथे."

मी पाळकसाहेबांना फोन लावला. मागून मुलांचं गाणं ऐकू येत होतं. "काळजी करू नका," ते म्हणाले, "हॉल बंद दिसला म्हणून करुणाताईंनी पायऱ्यांवरच सराव घेतलाय. मुलं छान गातायत."

फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. तिचा झोपायचा शनिवार, आणि नेमकी माझी जागा घ्यायला तिने तो मोडला. प्रभू, मी तुझ्यासाठी झिजले आणि माझी मुलं तू तिला दिलीस. माझी मुलं, माझा कार्यक्रम, माझी मंडळी. म्हणता म्हणता माझे शब्द माझ्याच कानावर पडले.

वादळात शिष्य घाबरले होते तेव्हा प्रभू होडीत झोपला होता, हे मी मुलांना किती वेळा शिकवलं असेल. त्या झोपेचा विचार मात्र मी कधीच केला नव्हता. "मग सांभाळ तूच," मी म्हटलं. रागानेच म्हटलं. आणि त्या पोत्यावर आडवी झाले.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. कित्येक महिन्यांत मी अशी झोपले नव्हते. ती बाई माझ्या पिशव्या जवळ घेऊन तिथेच बसली होती. तिने मला बसमध्ये बसवून दिलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मी करुणाताईंना बाजूला घेतलं. "ताई, मी तुमच्यावर जळते," एवढंच म्हटलं. त्या रागावल्या नाहीत.

"मिरजेला मीही अशीच धावायचे," त्या म्हणाल्या. "दवाखाना, मंडळी, घरभेटी. एकदा वॉर्डात एका आईचा मुलगा गेला. ती रडत होती आणि मी तिच्यावर ओरडले, गप्प बसा म्हणून. त्यानंतर बरेच दिवस मी चर्चची पायरी चढले नाही. शनिवार मी हौसेने पाळत नाही हो. पुन्हा तशी होईन, याची भीती वाटते."

"मग काल का आलात?"

"तुम्ही कधी उशीर करत नाही. मुलं बाहेर उभी दिसली आणि माझ्या काळजात धस्स झालं. आधी सगळ्यांना घेऊन तुमच्यासाठी प्रार्थना केली. मगच गाणं सुरू केलं."

किती वाजता केली, मला ती बाई भेटली तेव्हाच का, ते मी विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं नाही.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. कोणी त्यांची स्तुती केली की तो अजून डोकं वर काढतो. पण मंडळी प्रभूची आहे, आणि मी थकून पडले तरी ती पडत नाही, यात आता मला अपमान वाटत नाही. सुटका वाटते. त्या वाळूतल्या बाईसाठी मी रोज आभार मानते. तिचं नाव प्रभूला ठाऊक आहे. मुलांना आता आम्ही दोघी आळीपाळीने शिकवतो. माझी पाळी नसली की मी मागच्या बाकावर बसते. शब्बाथशाळा आटोपून उपदेश सुरू झाला की कधी माझा डोळा लागतो. शेजारी करुणाताई येऊन बसलेल्या असतात. त्या मला उठवत नाहीत.