कानसेन आणि चपटे स्पीकर

गाड्यांमध्ये स्पीकर बसवणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर होतं 'कानसेन'. हे नाव थोरल्या भावाने लहानपणीच ठेवलेलं. घरातला रेडिओ बिघडला की हा त्याच्या पाठीला कान लावून बसायचा आणि खरखर नेमकी कुठून येते ते बोट ठेवून दाखवायचा. स्वतः गायला लागला की मात्र शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. "तानसेन राहू दे, कानसेन तरी झालास," असं दादा एकदा म्हणाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच कानावर पोट भरायची वेळ आली तेव्हा त्यानेही लाजायचं सोडून दिलं.

दुकान म्हणजे रस्त्यालगतचं एक शटर आणि आत गाडीचं नाक शिरेल एवढी जागा. एका भिंतीला खोकी आणि वायरींची भेंडोळी, दुसऱ्या भिंतीशी शिलाई मशीन. त्या मशीनवर त्याची बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिन, त्याच्या दुमडी, त्यावरून दुहेरी टीप, असं हातांचा कस काढणारं काम. तिचा आवाज बारीक, जवळजवळ लहान मुलीसारखा. पूर्वी मशीनच्या बरोबरीने तिची बडबड दिवसभर चालू असायची. गिऱ्हाईक कसं होतं, बहिणीचा फोन आला होता, समोरच्या दुकानदाराने मिशी काढली ती त्याला कशी शोभत नाही. अलीकडे मात्र ती गप्प गप्प असायची. वय वाढलं की बायका कमी बोलतात, असं कानसेनाने स्वतःला सांगून टाकलं होतं. बायकांविषयीचं असलं ज्ञान पुरुषांकडे नेहमीच मुबलक असतं.

त्याची आणखीही एक तक्रार होती. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. गिऱ्हाईक पुटपुटतात, फोनवरचे पुटपुटतात, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांना तर कोणी बोलायलाच शिकवलेलं नाही. बंद गाडीत बसून, छाती हादरेल असे आवाज तपासण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

दादा शाळेत शिक्षक होता. निवृत्तीनंतर साखरेने त्याची नजर हळूहळू खाल्ली. आधी अक्षरं गेली, मग चेहरे, मग उजेड-अंधार तेवढा उरला. त्याची जुनी चौकोनी गाडी दारात उभी राहून गंजेल असं सगळ्यांना वाटलं. पण ज्या वयात लोक गाडी विकायचा विचार करतात, त्या वयात वहिनींनी गाडी शिकायला घेतली. त्या बैलगाडीच्या चालीने चालवायच्या आणि दादा शेजारी बसून आठवणीतून रस्ता सांगायचा. आता उतार येईल, आता पिवळं घर, तिथून डावीकडे. पिवळ्या घराला निळा रंग देऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींनी ते त्याला कधी सांगितलं नाही. पिवळं घर आलं, म्हणायच्या आणि डावीकडे वळायच्या.

वाचन हा दादाचा प्राण. आता तो पुस्तकं ऐकायचा, आणि ती दोघं मिळून गाडीतच ऐकायची. फिरून यायचं, गाडी सावलीत उभी करायची आणि प्रकरण संपेपर्यंत बसायचं. पण दारांतले स्पीकर गाडीइतकेच म्हातारे झाले होते. गोष्टीतल्या प्रत्येक पात्राला पडसं झालंय असं वाटायचं. तेव्हा वहिनी गाडी घेऊन दिराच्या दुकानात आल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "यांना नीट ऐकू येईल असं काहीतरी बसवा. बाकी तुम्हाला कळतंय."

कानसेनाने दाराचं आतलं पॅनेल उतरवलं. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा हात लावताच तुटल्या. स्पीकरचा कागद बोटाने दाबला तर त्याचा भुगा झाला. मग त्याने काच पूर्ण खाली केली आणि तिथेच खरी अडचण दिसली. त्या काळच्या गाड्यांची दारं पातळ. काच खाली उतरली की स्पीकरच्या अगदी पाठीशी येऊन थांबायची. नेहमीच्या नव्या स्पीकरच्या मागे चुंबकाचा मोठा गड्डा असतो; काच खाली करताच ती त्याच्यावर आपटली असती.

वहिनी म्हणाल्या, त्यात काय, काच बंदच ठेवू. पण दादाला ते मुळीच मान्य नव्हतं. नजर गेल्यापासून बाहेरचं जग त्याच्याकडे खिडकीतूनच यायचं. बेकरीचा वास, लाकडाच्या वखारीतला भुसा, शाळा सुटल्याचा कल्ला. काच लावली की मी डब्यात भरल्यासारखा होतो, असं तो म्हणायचा. मग स्पीकरखाली जाड कडं घालून तो बाहेर काढायचा का? तर पॅनेल फुगलं असतं आणि दादाचा गुडघा सारखा आपटला असता. दाराचा पत्रा कापायचा म्हणजे पाणी आत शिरायला वाट. शिवाय जुन्या दाराला कात्री लावणं हे म्हाताऱ्याच्या ऑपरेशनसारखं. एक दुखणं दुरुस्त करायला जावं तर चार उघडी पडतात.

म्हणून चपटे स्पीकर. त्यांचा चुंबक बसका, बूड पातळ, त्यामुळे ते काचेच्या वाटेत येत नाहीत. ढोलासारखा घुमणारा आवाज ते जरा कमी देतात. पण दादाला ढोल नको होता, माणसाचा आवाज हवा होता. गाडीतला प्लेअरही जुना आणि अशक्त, तेव्हा थोड्या ताकदीवर मोकळं बोलतील असेच स्पीकर निवडायला हवे होते. कानसेनाने चपट्यांच्या दोन जोड्या मागवल्या. स्पीकरच्या पाठीला मुलं खेळतात तसली मऊ क्ले चिकटवून काच वर-खाली करून पाहिली. क्लेवर ओरखडा उठला नाही. दोन्ही जोड्या जागेत बसत होत्या, आता फक्त कानाने निवडायचं.

त्याने एका दारात एक आणि दुसऱ्या दारात दुसरा लावला आणि आवाज इकडून तिकडे फिरवून ऐकला. पहिला गोधडीखालून बोलल्यासारखा वाटला. दुसरा मात्र लख्ख, शब्द न् शब्द सुटा. प्रश्नच नव्हता. दुसरी जोडी त्याने दोन्ही दारांत बसवली, नव्या क्लिपा लावून पॅनेल चढवलं, आणि दादाला घेऊन या म्हणून निरोप दिला.

दादा आला, आपल्या जागेवर बसला, वहिनी स्टिअरिंगमागे. गोष्ट सुरू झाली. दोन वाक्यं होतात न होतात तोच दादाने तोंड वाकडं केलं.

"हा माणूस शिट्ट्या मारत का वाचतोय?"

कानसेनाला शिट्टी कुठेच ऐकू येत नव्हती. दादा म्हणाला, प्रत्येक 'स' आणि 'श' कानात सुईसारखा घुसतोय. वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, थोडं टोचतंय खरं. कानसेन भडकला. अर्धं आयुष्य मी हेच केलंय, म्हणाला, आणि तुम्ही मला सांगताय? नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो. दुसरी जोडी लावून बघ, असं दादा म्हणत राहिला आणि ती मुकी आहे, असं हा म्हणत राहिला. मशीन थांबवून बायको कधी त्याच्या मागे येऊन उभी राहिली, ते त्याला कळलंच नाही.

दादाचा शिक्षकाचा स्वभाव; पोरगं चुकतंय कुठे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच्या मनगटावर बोलणारं घड्याळ होतं. त्याने हात खिडकीबाहेर काढला आणि बटण दाबलं.

"काय वाजलं?"

"चार वाजून गेले," कानसेन म्हणाला.

"वेळ नाही विचारली. वेळ सांगायच्या आधी काय वाजलं?"

"काही नाही."

दादाने पुन्हा बटण दाबलं. वेळ सांगण्याआधी घड्याळ दर वेळी एक बारीक, तीक्ष्ण 'टीं' करायचं. वहिनींनी ऐकलं. बायकोने ऐकलं. समोरून जाणाऱ्या सायकलवाल्यानेसुद्धा वळून पाहिलं.

"अरे," दादा हळूच म्हणाला, "तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीयेत."

कानसेनाने हसून उडवायचा प्रयत्न केला. साक्षीला म्हणून बायकोकडे वळला, तर ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

"अहो, मी आत्ता तुम्हाला दोनदा हाक मारली," ती म्हणाली. "इथे, तुमच्या मागे उभी राहून."

"कधी?"

गाडीत दादाने वहिनींना काहीतरी खूण केली आणि दोन्ही बाजूंच्या काचा सरसर वर गेल्या. कुठेही न अडकता, मध्ये न आपटता. ती दोघं समोर तोंड करून बसली, जणू रस्त्यावर फार महत्त्वाचं काही चाललं होतं.

"मला वाटलं," बायको म्हणाली, "तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

मग तिने सांगितलं. ती बोलायची आणि तो उत्तर द्यायचा नाही. कधी भलतंच उत्तर द्यायचा, कधी नुसतं 'हं'. आधी तिला राग आला, मग वाईट वाटलं, मग तिने बोलायचंच सोडलं; भिंतीशी किती बोलणार? मागच्या उन्हाळ्यात एकदा धीर करून ती म्हणाली होती की बोटं आता वळत नाहीत, सकाळी मूठ मिटत नाही, जाड कव्हरांचं काम नको. तो 'हं' म्हणाला. आणि त्याच आठवड्यात एका मिनीबसच्या सगळ्या सीटचं काम घेऊन आला.

कानसेनाला ती मिनीबस आठवली. एवढं मोठं काम मिळालं म्हणून किती खुशीत तो दुकानात परतला होता. ती शिवत बसली होती, त्याला वाटलं मन लावून काम करतेय. त्याने तिचा हात हातात घेतला. बोटांचे सांधे सुजून गाठींसारखे झाले होते. रोज समोर बसणाऱ्या बाईचे हात. हे बघायला तर काही कान लागत नव्हते. ही गोष्ट त्याला ऐकू न येण्यापेक्षा जास्त लागली. तो म्हणाला, "आजपासून ते काम बंद," आणि तिने मान हलवली.

थोड्या वेळाने एक काच अदमास घेत बोटभर खाली आली.

"झालं का तुमचं?" दादा विचारत होता. "मला दिसत नाही, तुला ऐकू येत नाही. आईने दोघांत मिळून एकच धड पोरगा दिला म्हणायचा."

सगळ्यात आधी वहिनी हसल्या, मग बायको डोळे पुसत हसली, आणि मग कानसेनही.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने पहिली जोडी, ती गोधडीखालची, दारांत बसवली. या वेळी मागच्या सीटवर बायकोला बसवलं. तो बटण फिरवायचा आणि आरशात तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. ती म्हणाली, जरा कमी, अजून थोडं, आता थांबा. दादाने डोळे मिटून एक अख्खं पान ऐकलं आणि म्हणाला, आता माणूस वाचतोय.

नंतरची गोष्ट तशी साधीच, पण सोपी नव्हती. कानाच्या दवाखान्यात त्याला एका बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले. बऱ्याच आवाजांना त्याचा हात वर गेलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहून बारीक सूर गेलेत, ते काही परत यायचे नाहीत. पण कानाला यंत्र लावलं तर बोलणं समजेल. कानसेनाला यंत्राचं वाईट वाटलं नाही, पाटीचं वाटलं. बहिऱ्या कानसेनाकडे गाडी कोण आणणार? त्याने केस वाढवून यंत्र झाकायचं ठरवलं. जगापासून काय लपवायचं ते लपवा, बायको म्हणाली, माझ्यापासून आता काही लपवायचं नाही. एक-दोन गिऱ्हाइकं खरंच दुसरीकडे गेली. बाकीच्यांना त्याने सरळ सांगितलं, स्पीकर मी बसवतो, आवाज ही लावते. जाड कव्हरांचं काम पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे गेलं. ती आता हलकी शिवण करायची आणि उरलेला वेळ गाड्यांत बसून ऐकायची. तिला धडाडधूम आवडत नसे. तरुण पोरं कुरकुरायची, पण गाडी घेऊन घरी गेली की त्यांच्या आया खूश असायच्या.

यंत्राचे पहिले दिवस वैतागाचे गेले. कागद कडकडायचा, नळ किंचाळायचा, स्वतःच्या चपला त्याला दुसऱ्याच्या वाटायच्या. त्याला वाटलं होतं, आता बायकोची बडबड पूर्वीसारखी सुरू होईल. तसं झालं नाही. सुटलेली सवय अशी बटण दाबून परत येत नाही. ती एखादं वाक्य बोलायची आणि थांबून बघायची, पोहोचलं का. तो विचारायचा, पुढे? कधी ती बोललेलीच नसायची तरी हा विचारायचा, काय म्हणालीस? मग ती हसायची.

एका दुपारी शिवता शिवता ती सहज म्हणाली की बहिणीचा फोन आला होता, समेट झाला एकदाचा.

कानसेन वायर सोलता सोलता थांबला. दोघी बहिणींचं भांडण झालं होतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. कधी, कशावरून, कोण आधी बोललं, त्याने सगळं विचारलं.

"सुरुवातीपासून सांगायचं तर दुकान बंद करावं लागेल," ती म्हणाली.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं, स्टूल घेतलं आणि तिच्यासमोर येऊन बसला.